वेठीस कोणी कोणाला धरले?

मराठी वृत्तपत्रांत गेली कित्येक वर्षे एक वाक्य साच्यातून काढल्यासारखे छापले जाते. एस. टी. कामगार संपावर गेले की त्यांनी प्रवाशांना वेठीस धरलेले असते. सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवला की नागरिक वेठीस धरले जातात. अंगणवाडी सेविकांनी मोर्चा काढला की बालके, परिचारिकांनी काम थांबवले की रुग्ण, प्राध्यापकांनी उत्तरपत्रिका तपासायला नकार दिला की विद्यार्थी. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एस. टी.चा दीर्घ संप झाला, तेव्हा हे वाक्य किती वेळा वाचावे लागले त्याची गणती नाही. बी. ए.च्या वर्गाला मी हा वाक्प्रचार वाक्यात वापरायला दिला, तर जवळजवळ प्रत्येक वहीत संपकरी कर्त्याच्या जागी आणि जनता कर्माच्या जागी होती. मुलांचा त्यात काही दोष नाही. त्यांनी भाषा जिथून घेतली तिथे ती अशीच आहे.

परंतु 'वेठ' या शब्दाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वाक्य उलटे टांगलेले दिसते. वेठीस धरायला आधी सत्ता लागते. ज्यांच्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या वेठीस धरले गेले, त्यांची नातवंडे पुरेशा मोबदल्याशिवाय राबायला नकार देतात, आणि मराठी भाषा त्यांनाच वेठीस धरणारे ठरवते. हा फिरवाफिरवीचा इतिहास तपासला पाहिजे, एवढ्यासाठी हा लेख.

माझे आजोळ पोखर्णी. परभणीहून गंगाखेडला जाताना लागणारे, नृसिंहाच्या जुन्या देवळामुळे मराठवाडाभर माहीत असलेले गाव. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे शब्दांचे दोन साठे माझ्याकडे आहेत, एक पुस्तकांतून आलेला आणि दुसरा आजीच्या तोंडून. दोन्ही साठ्यांत 'वेठ' आहे, पण एकाच अर्थाने नाही. आजी संपाविषयी हा शब्द कधीच वापरत नसे. "तुह्या आज्याचा बाप वेठीवरच असायचा," असे ती सांगे. आणि स्वतःविषयी बोलताना "समदा जलम वेठीत गेला, माय," म्हणे. पहिल्या वाक्यात वेठ हे एक ठरावीक काम आहे: बोलावणे आले की निघायचे, ओझे उचलायचे, मजुरी विचारायची नाही. दुसऱ्या वाक्यात त्या कामाचा अर्थ पसरून सगळ्या आयुष्याला लागला आहे. कष्ट, हाल, खस्ता असे कितीतरी शब्द मराठीत आहेत. आजीला ते पुरत नसत, कारण कष्ट माणूस स्वतःच्या शेतातही करतो आणि खस्ता आपल्या लेकरांसाठीही खातो. वेठीत जे कष्ट आहेत ते दुसऱ्याचे आहेत आणि नाही म्हणण्याची सोय त्यात नाही. मराठीत दुःखाला पुष्कळ नावे असली तरी दुःख देणारा ज्यात हजर असतो असे शब्द थोडेच, आणि वेठ त्यांतला एक आहे.

कोशकार या शब्दाचे मूळ संस्कृत 'विष्टि' या शब्दात दाखवतात. 'विष्' म्हणजे काम करणे, सेवा करणे, या धातूपासून तो आला. प्राकृतात त्याचा 'विट्ठि', 'वेट्ठि' झाला आणि मराठी-गुजरातीत 'वेठ'. हा बदल नियमाला धरून आहे. मुष्टीची मूठ झाली, ओष्ठाचा ओठ झाला, पृष्ठाची पाठ झाली, तशी विष्टीची वेठ झाली. योगायोगाने पोखर्णी हे नावही याच प्रकारच्या वाटेने आलेले दिसते: पुष्करिणी, पोक्खरिणी, पोखरणी. पुष्करिणी म्हणजे बांधीव तळे. तत्सम शब्द पोथीत राहिले आणि तद्भव शब्द लोकांच्या तोंडी राहिले, असे आम्ही वर्गात शिकवतो. पण लोकांच्या तोंडी राहिलेल्या शब्दालाही शेवटी कोणीतरी ताब्यात घेते, हे शिकवत नाही.

विष्टि हा केवळ जुलूम नव्हता. तो राज्यकारभाराचा एक मान्य भाग होता, हे मुद्दाम लक्षात घेतले पाहिजे. ज्याच्याकडे धान्य आहे त्याच्याकडून धान्याचा वाटा, ज्याच्याकडे व्यापार आहे त्याच्याकडून जकात, आणि ज्याच्याकडे देहाखेरीज काही नाही त्याच्याकडून देहाचा वाटा. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात हे उघड सांगितले आहे की कारागीर, शिल्पी आणि अंगमेहनतीवर जगणारे शूद्र यांच्याकडून राजाने दर महिन्याला एक दिवस काम करवून घ्यावे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टीची कामे नेमून दिलेली आहेत. सैन्याबरोबर जाणाऱ्या वेठकऱ्यांनी छावणी, रस्ते, पूल, विहिरी साफ करायच्या, हत्यारे आणि चिलखते वाहायची, लढाईतल्या घायाळांना उचलून न्यायचे. साफ करणे, वाहणे, उचलणे. दोन हजार वर्षांनंतर आमच्या वस्त्यांकडे गावाने जी कामे ठेवली ती याहून फार वेगळी नव्हती.

जुन्या लेखांत वेठीविषयी जे सापडते ते बहुतेक ठिकाणी माफीच्या रूपाने सापडते. गिरनारच्या पायथ्याशी क्षत्रप रुद्रदामनाचा शिलालेख आहे, इ. स. १५०च्या सुमाराचा. वादळी पावसाने सुदर्शन तलावाचा बांध फुटला, तो रुद्रदामनाने पुन्हा बांधवला. शिलालेखात राजा अभिमानाने नोंदवतो की हे काम करताना प्रजेला कर, विष्टि आणि प्रणय (म्हणजे 'स्वखुशीच्या' नावाखाली घेतलेली वर्गणी) यांचा त्रास दिला नाही. खर्च स्वतःच्या खजिन्यातून केला. एका राजाला ही गोष्ट दगडावर कोरून सांगावीशी वाटली, यावरून बाकीचे तलाव कसे बांधले गेले असतील याचा तर्क करता येतो. आजोळच्या गावाच्या नावातच तळे आहे. ते कोणी खणले हे कोणत्याही दगडावर नाही.

आमच्या प्रदेशाच्या अधिक जवळचा पुरावा वाकाटकांचा आहे. पाचव्या शतकात दुसऱ्या प्रवरसेनाने हजार ब्राह्मणांना चर्मांक गाव दान दिले. हे आजचे अमरावती जिल्ह्यातले चम्मक. त्या ताम्रपटात गावाला मिळालेल्या सवलतींची यादी आहे. पाळीपाळीने बैल पुरवायला नकोत, फुले आणि दूध द्यायला नको, चराई, कातडी, कोळसा द्यायला नको, आणि सर्व प्रकारच्या विष्टीतून सुटका. वाशीमला सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट तर नंदिकट म्हणजे नांदेडच्या मुलखातल्या गावाविषयी आहे, आणि त्यातही बैल, फुले, दूध, सैनिकांचा प्रवेश अशा माफ्यांची रांग आहे. इतिहासाची पुस्तके या ताम्रपटांचे वर्णन राजांच्या दानशूरपणाचा पुरावा म्हणून करतात. मी ते उलट्या बाजूने वाचते. जी माफी एका गावाला द्यावी लागते ती मागणी शेजारच्या गावाकडून वसूल होत असते. ताम्रपट ज्यांना मिळाले त्यांची घराणी आपल्याला माहीत आहेत. ज्यांना मिळाले नाहीत ते शेजारच्या गावात बैल जुंपून उभे होते.

पंचांगातही 'विष्टि' आहे, ते जाता जाता सांगते. सात चर करणांपैकी सातवे विष्टि, यालाच भद्रा म्हणतात, आणि ते अशुभ मानतात. शुभकार्य त्यात करत नाहीत. शब्द तोच. ज्यांना खरीखुरी विष्टि करावी लागे त्यांना मुहूर्त मात्र कोणी विचारत नसे.

संतकाळातली एक घटना या शब्दाच्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. परंपरा असे सांगते की चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना कूस कोसळून इतर मजुरांबरोबर गाडला गेला. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८. नामदेवाने ढिगाऱ्यातून त्याची हाडे शोधली. ती विठ्ठलनामाच्या आवाजावरून ओळखली, असे कथा म्हणते, आणि कीर्तनकार तिथेच थांबतात, डोळे पुसतात. हाडांच्या चमत्काराकडे सगळ्यांचे लक्ष जाते आणि भिंतीकडे कोणाचेच जात नाही. गावकूस म्हणजे ज्या भिंतीच्या आत महाराला राहता येत नाही ती भिंत. ती बांधायला मात्र महारच. पंढरीच्या संतमेळ्यात ज्याला मोठेपणा दिला त्याला कुसाच्या कामातून कोणी सोडवले नाही. हा नामदेव आमच्याच भागातला, नरसीचा. नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, आणि १९९९ पूर्वी तो सगळा भाग परभणी जिल्ह्यातच होता. जनाबाई तर गंगाखेडची, पोखर्णीच्या शेजारची. तिने स्वतःला दासी म्हटले. त्या शब्दाचा आध्यात्मिक अर्थ सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. साधा अर्थ सांगणारी फार थोडी.

पुढे मुसलमानी राजवटीत फारसी 'बेगार' आला आणि 'वेठ'च्या शेजारी बसला. वेठबेगार, वेठबिगार. मराठीत असे जोडशब्द आणखी आहेत: धनदौलत, कागदपत्र, बाजारहाट. जुन्या राजवटीचा एक शब्द, नव्या राजवटीचा दुसरा, वस्तू तीच. धनदौलतीत दोन भाषांचे ऐश्वर्य एकत्र आले. वेठबिगारीत दोन भाषांचे ओझे एकाच डोक्यावर आले. राजे बदलले म्हणून शब्द वाढला, काम कमी झाले नाही. मराठेशाहीच्या सनदा पाहिल्या तर तिथेही वाकाटकांचीच रीत आहे: इनामदाराला गाव देताना वेठबेगार माफ. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने अठराव्या शतकातल्या मराठी राज्यातील वेठबेगारीवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. किल्ल्यांची डागडुजी, सरकारी पागेसाठी गवत, ओझी वाहणे ही कामे गावोगावच्या महारांवर आणि इतर बलुतेदारांवर कशी पडत, हे त्यांनी मराठी कागदपत्रांतून दाखवले. आमच्या विद्यापीठांतून मराठेशाहीच्या लढायांवर जेवढे लिहिले गेले त्याच्या शंभरावा हिस्सा तरी वेठीवर लिहिले गेले असते, तर हे काम जपानहून आलेल्या अभ्यासकासाठी उरले नसते.

सरकारी कागदांत वेठीची गणती असामींनी होते आणि असामी म्हणजे पुरुष. बाई त्यात दिसत नाही. आजीच्या सांगण्यात ती दिसे. निजामाच्या काळी गिरदावर किंवा तहसीलदार दौऱ्यावर येऊन चावडीत उतरला, की पुरुषाने घोड्याला गवत आणायचे, लाकडे फोडायची, आणि साहेब निघाला की त्याचा बाडबिस्तरा डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत न्यायचा. तिथे त्या गावचा माणूस उभा असे. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती गुडघ्यापर्यंत धरून ठेवते, तेव्हा ती शीव किती लांब असते ते चालणाऱ्यालाच कळे. बाईने चावडीपुढची जागा झाडायची, सरपण आणि गोवऱ्या आणून टाकायच्या, पडक्या भिंतीला माती मळून द्यायची. दळण-कांडण तिच्याकडे नसे, कारण पिठाला विटाळ होई. ओझ्याला विटाळ होत नव्हता. साहेबाच्या अंथरुणाचा वळकटा महाराच्या डोक्यावर चार कोस गेला तरी तो साहेबाच्या अंगाखाली पुन्हा शुद्धच.

वेठीला जे नाव दिल्यामुळे ती सर्वांत जास्त काळ टिकली ते नाव म्हणजे 'वतन'. वेठ म्हटले की माणसाला चीड येते, वतन म्हटले की मान वाटतो. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, ही कथा आमच्या म्हाताऱ्यांनी अभिमानाने सांगितली. येसकराची घुंगुरकाठी हातात आली की पाळी आली. त्या घुंगरांचा आवाज आम्हाला अधिकाराचा वाटला. या भ्रमाचा हिशेब प्रथम बाबासाहेबांनी मांडला. मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडताना त्यांनी दाखवून दिले की महार वतनदार हा सरकारचा नोकर, त्याची नोकरी चोवीस तासांची, पगार नावापुरता, आणि पोटासाठी तो रयतेच्या बलुत्यावर सोडलेला. कर्ता माणूस हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणालाही हुकमाने कामावर नेता येई. म्हणजे एका माणसाला नेमायचे आणि सगळ्या कुटुंबाला राबवायचे. याआधी १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार वतने खालसा करून जमिनी रयताव्याने दिल्या होत्या आणि पुढे वेठवरळाही बंद केला होता. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले.

परभणी तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हती. सप्टेंबर १९४८ पर्यंत ती हैदराबाद संस्थानात होती, आणि तिथे या शब्दाचे नशीब वेगळे झाले. बाबासाहेबांनी निजाम हद्दीतल्या दलितांसाठी ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यात मकरणपूरला परिषद घेतली, तेव्हापासून मराठवाड्यात जागृतीची सुरुवात धरतात. पण भाषेच्या दृष्टीने हैदराबाद संस्थान हे एक विलक्षण ठिकाण आहे. एका राजाखाली तीन भाषा, आणि तिन्हींत विष्टीची लेकरे: मराठीत वेठ, तेलुगूत वेट्टी, कानडीत बिट्टी.

तेलंगणात 'वेट्टी चाकिरी' हे शब्द आजही शेंबड्या पोराला कळतात. देशमुखांच्या गढीवर अस्पृश्यांच्या घरटी एक माणूस हजर पाहिजे, धोब्याने कपडे, कुंभाराने भांडी, विणकराने कापड फुकट दिले पाहिजे. याविरुद्ध आंध्र महासभेने आवाज उठवला, ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडीत दोड्डी कोमरय्या गोळीला बळी पडला, चाकली ऐलम्मा या धोबी समाजातल्या बाईने विसनूरच्या देशमुखापुढे आपले शेत आणि पीक सोडले नाही, आणि १९५१ पर्यंत तो लढा चालला. त्यामुळे तेलुगूत वेट्टी या शब्दाला अजून रक्ताचा वास आहे. तो कोणाला दुसऱ्याच अर्थाने सहज वापरता येत नाही. कानडीत बिट्टीचा अर्थ आज 'फुकट' असा आहे. दुकानदार एखादी वस्तू बिट्टी देतो. म्हणजे कानडीने तो शब्द घेणाऱ्याच्या बाजूने ठेवला: ज्याला काम करून मिळाले त्याला ते फुकटच पडले होते. मराठीने याही पुढची मजल मारली. मराठीने वेठ घेणारा आणि वेठ करणारा यांची अदलाबदलच करून टाकली.

हे एका दिवसात झाले नाही. 'वेठीस धरणे' या प्रयोगातला 'धरणे' हा मुळात अगदी शब्दशः आहे. वाटेने चाललेल्या महाराला पाटलाचा माणूस दंडाला धरून चावडीवर नेई, त्याला 'वेठीला धरला' म्हणत. धरणारा गावाचा, धरला जाणारा गावकुसाबाहेरचा. पुढे वेठ प्रत्यक्षात विरळ होत गेली, शिकलेल्या मराठी माणसाच्या अनुभवात तर ती कधी नव्हतीच, आणि 'वेठ' गळून 'धरणे' तेवढे शिल्लक राहिले. अडकवून ठेवणे, कोंडीत पकडणे एवढाच अर्थ. मग तो संपकऱ्यांना चिकटवणे सोपे झाले. भाषा बदलत असते, त्यात एवढे काय, असे एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले. बदलते हे खरे. पण संपकरी प्रवाशाकडून कोणते काम करून घेतो? तो स्वतःचे काम काढून घेतो. वेठ म्हणजे इच्छेविरुद्ध काम करायला लावणे, संप म्हणजे इच्छेविरुद्ध काम करायला नकार देणे. अर्थ सरकला असता तर मी तक्रार केली नसती. इथे तो पूर्ण वळून पाठमोरा उभा आहे. शिवाय ज्या वेळी कोंडीत पकडणे हा अर्थही तंतोतंत लागू पडत होता, त्या वेळी हा वाक्प्रचार वापरलेला मला फारसा आढळत नाही. १९५६च्या धर्मांतरानंतर आमच्या लोकांनी मेलेली ढोरे ओढायचे बंद केले, पाळीची कामे नाकारली, तेव्हा गावोगाव बहिष्कार पडले. किराणा बंद, गिरणी बंद, मजुरी बंद, रानातून जायची वाट बंद. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली करावा लागला इतकी ही गोष्ट टिकून राहिली. गावाने वस्तीला वेठीस धरले, असा मथळा मात्र माझ्या वाचनात नाही.

आणखी एक वाक्प्रचार पाहण्यासारखा आहे: 'वेठ मारणे', 'वेठ उरकणे'. कसेबसे, मन न लावता केलेले काम. शाळेत गुरुजी म्हणत, निबंध लिहिला आहेस की वेठ मारली आहेस? हा प्रयोग वेठ घेणाऱ्याच्या चिडीतून आलेला आहे, पण त्यात वेठकऱ्याचा बंड कसा होता ते नकळत जपले गेले आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही तो काम वाईट करतो. ओझे शिवेपर्यंत नेतो, पण वाटेत दोनदा टाकतो. गवत आणतो, पण ओले. मला तर वाटते, मराठी भाषेत संपाची पहिली नोंद हीच.

राज्यघटनेने या शब्दाला जो न्याय दिला तो भाषेने दिला नाही. तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली. घटनेच्या इंग्रजी मजकुरातही तिथे 'बेगार' हा देशी शब्दच ठेवलेला आहे, आणि पुढे तशाच प्रकारचे इतर सक्तीचे श्रम. ज्या गोष्टीला या देशात जातीचा वास आहे तिला साहेबाच्या भाषेतला शब्द पुरेसा पडला नसता. पण 'सक्ती' म्हणजे काय हे ठरायला बत्तीस वर्षे लागली. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू होती. तिथल्या मजुरांसाठी पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने केलेल्या याचिकेवर न्यायमूर्ती भगवतींनी निर्णय दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हेही सक्तीचे श्रम होत. माणसाला भूक आणि गरिबी भाग पाडते, तीही सक्तीच. पुढच्या वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांबाबत हेच तत्त्व लागू झाले. दुष्काळी काम हा उपकार आहे, सबब मजुरी कमी चालेल, हा सरकारचा बचाव न्यायालयाने मानला नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेल्या मराठवाड्यातल्या माणसांना या निकालाची बातमी कोणी सांगितली असेल असे वाटत नाही.

या अर्थाने पाहिले तर आज वेठ शोधायला लांब जावे लागत नाही. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात व्याख्या आहे: घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी माणसाने राबायचे आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाण्याचा, दुसरे काम धरण्याचा हक्क गमावायचा. दसरा-दिवाळी झाली की परभणी-बीडकडच्या ऊसतोड टोळ्या निघतात. मुकादमाने नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' म्हणून उचल दिलेली असते. दोन माणसे, हिशेबात एक हत्यार. आजारपणात दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे दंड. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. कायद्याची व्याख्या आणि हा व्यवहार शेजारी ठेवून वाचले तर फरक शोधावा लागतो. पण याला कोणी वेठ म्हणत नाही. याला 'उचल' म्हणतात, अंगणवाडी सेविकेच्या पगाराला 'मानधन' म्हणतात, आणि बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्याला मजुरी मिळत असूनही 'बिगारी' म्हणतात. जिथे वेठ आहे तिथे शब्द नाही, आणि जिथे नाही तिथे तो सर्रास आहे.

मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकवते. काही वर्षांपूर्वी आम्ही तासिकावाल्यांनी थकलेले मानधन मिळेपर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकायचे ठरवले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणालेच, विद्यार्थ्यांना वेठीस धरू नका. माझ्या नोकरीलाही वेठ म्हणण्याचा मोह त्या दिवशी झाला. मी म्हटले नाही आणि आजही म्हणणार नाही. मला सोडून जाता येते, माझ्या दंडाला कोणी धरत नाही, माझ्या मुलाला माझ्या जागी कोणी उभे करू शकत नाही. आमच्या चळवळीतल्या लेखनातही हल्ली प्रत्येक अडचणीला वेठबिगारी म्हणण्याची सवय दिसते. ती मला मान्य नाही. शब्द परत घ्यायचा तर त्याच्या मापासकट घेतला पाहिजे.

पोखर्णी आणि शेजारच्या गावांतल्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांकडून मी वेठीचे शब्द उतरवून घेत आहे. कामाची नावे, पाळीची नावे, बोलावणे यायचे तेव्हा काय हाक मारत, कोणत्या कामाला भाकर मिळे आणि कोणत्या कामाला तीही नाही. पुरुष वतनाविषयी बोलतात, बायका वेठीविषयी, असा आजवरचा अनुभव आहे. नांदेड, लातूर, उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव, तसेच बिदर आणि आदिलाबादकडच्या मराठी घरांतून असे शब्द ज्यांच्या कानांवर असतील त्यांनी ते या त्रैमासिकाच्या पत्त्यावर लिहून पाठवावेत. शब्द सांगणारीचे वय आणि गाव लिहावे. अर्थ आपल्या मनाने सुधारू नये. ती जसा सांगेल तसाच लिहावा.